सायकल कुठं आणि कशी बांधायची

मागच्या वेळी आपण पासबुकातल्या नोंदी कशा पडताळायच्या ते बोललो होतो. आजचा विषय लोखंडाचा आहे. सायकल, साखळी आणि कुलूप. हा विषय आमच्या डोक्यातून निघालेला नाही, तो गटांच्या बैठकांतून वर आला, आणि जरा रागानंच वर आला.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हापासून आमच्या फाट्यावर सायकलींची गर्दी वाढली. वस्तीवरून सायकलीनं फाट्यापर्यंत यायचं, तिथं सायकल लावायची आणि एसटीनं तालुक्याला जायचं. कुणी दवाखान्यात, कुणी बँकेत, कुणी कापडाच्या दुकानात कामाला. संध्याकाळपर्यंत सायकल तिथं एकटी. शाळेच्या मुलींचंही तसंच. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, त्या शाळेच्या कुंपणापाशी दिवसभर उन्हात उभ्या असतात.

यंदा आमच्या गटांच्या गावांतून चार सायकली गेल्या. एक होती गटातल्या एका ताईंची. त्यांनी ती गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतली होती, दुधाची किटली डेअरीवर न्यायला. सायकल गेली, हप्ता राहिला. दुसरी होती दहावीतल्या एका मुलीची. तिच्या घरी पहिलं वाक्य काय निघालं असेल? "हिला साधं कुलूप लावता येत नाही, कशाला पाहिजे शाळा." शाळा चार किलोमीटरवर, वाट कापसाच्या रानातून. पोरगी आठ दिवस घरी बसली होती.

आता ऐका. त्या पोरीनं कुलूप लावलं होतं. किल्ली तिच्या दप्तरात होती. आजही आहे. सायकल गेली ती कुलपासकट गेली.

हे कसं होतं ते आधी समजून घेऊ. आपल्या बहुतेक सायकलींना मागच्या चाकाला ते गोल, घोड्याच्या नालासारखं कुलूप बसवलेलं असतं. खटका दाबला की त्यातला दांडा तारांच्या मधून पलीकडं जातो आणि चाक फिरायचं थांबतं. बस, एवढंच काम त्याचं. सायकलीवर बसून कुणी पळून जाऊ शकत नाही. पण आपली साधी सायकल पंधरा-वीस किलोची. एक धडधाकट माणूस ती मागून उचलून, पुढच्या चाकावर ढकलत नेऊ शकतो. दोघं असले तर उचलून टेम्पोत टाकतात. बघणाऱ्याला वाटतं पंक्चर झाली असेल. पुढं घरी नेऊन ते कुलूप सावकाश तोडायचं. म्हणजे चाकाचं कुलूप हे दोन मिनिटं दुकानात जाऊन येण्यापुरतं आहे. दिवसभरासाठी ते नाही. दुकानदार सायकल विकताना हे सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतोय.

दिवसभर ठेवायची सायकल कशाला तरी बांधलीच पाहिजे. गाय दावणीला बांधतो, नुसते तिचे पाय बांधून रानात सोडत नाही, तसंच आहे हे.

कशाला बांधायची, हा प्रश्न कुलपापेक्षा मोठा. आमच्या फाट्यावर आम्ही एका रविवारी फिरून सगळे खांब हलवून पाहिले. हसू नका, खरंच दोन्ही हातांनी धरून हलवले. निवाऱ्याच्या पत्र्याला आधार दिलेल्या पाइपांतले दोन नुसते मातीत रोवलेले निघाले, वर उपसले की हातात. एक पाटी होती, खांब भक्कम, पण जेमतेम कमरेएवढा आणि वरची पाटी कधीच पडून गेलेली. अशा खांबाला कितीही जाड साखळी घाला, सायकल साखळीसकट वरून काढून नेता येते. शाळेभोवतीचं जाळीचं कुंपण पक्कडीनं तुटतं. नवं लावलेलं लिंबाचं रोप तर चोराला कोयत्याच्या एका घावाचं काम, आणि साखळीनं साल सोलून झाड मरतं ते वेगळं. बाभळीचं जुनं, कवेत न मावणारं खोड चालेल, पण मग साखळी तेवढी लांब पाहिजे.

विजेच्या खांबाला सायकल बांधू नका. डीपीच्या कुंपणाला नाही आणि खांबाला ओढून धरलेल्या तणावाच्या तारेलाही नाही. पावसाळ्यात त्यात करंट उतरतो. ओल्या तारेला गुरं चिकटून मेल्याचं प्रत्येक गावाला माहीत आहे. सायकल लोखंडाची, साखळी लोखंडाची आणि आपला हात ओला. चोरी परवडली.

हातपंपालाही नको. पाण्याच्या बाईला अडचण होते आणि भांडण आपल्या नावावर लागतं.

आम्ही शेवटी ग्रामपंचायतीला अर्ज दिला आणि फाट्यावर चहाच्या हॉटेलासमोर स्वतःच कड्या बसवून घेतल्या. कृती सांगतो, अवघड नाही. घरकुलाच्या कामातून उरलेली 16 एमएमची सळई घ्यायची. गवंड्याकडून ती उलट्या खुंटाळ्यासारखी, म्हणजे दोन पाय खाली आणि वर कमान, अशी वाकवून घ्यायची. दोन्ही पाय दीड-दोन फूट जमिनीत जातील एवढे लांब ठेवायचे आणि त्यांची टोकं खाली बाहेरच्या बाजूला वळवायची. हे वळवणं महत्त्वाचं. सरळ पाय ओढून काढता येतात, वळवलेले काँक्रीटमध्ये अडकतात. खड्डा करून, काँक्रीट भरून, आठवडाभर पाणी मारायचं. कमान जमिनीपासून गुडघ्याच्या वर यावी, म्हणजे साखळी वरच राहील. का ते पुढं सांगतो. एका कमानीला दोन बाजूंनी दोन सायकली लागतात. गवंड्याची एक दिवसाची मजुरी आणि दोन पोती सिमेंट एवढ्यात आमच्या पाच कमानी झाल्या. सळई फुकट मिळाली, कारण सरपंचबाईंच्याच घराचं काम चालू होतं.

आता साखळी. बाजारात रंगीत प्लॅस्टिकच्या आवरणातली वायर मिळते, तिला वायर लॉक म्हणतात. दिसायला जाड, आत पोलादाच्या बारीक तारा. चांगल्या कटरनं ती एका दाबात तुटते, कधी कधी नुसत्या मोठ्या पक्कडीनं थोडी थोडी करून. पोरींना ती आवडते, कारण गुलाबी मिळते. आमचं मत स्पष्ट आहे: दिवसभराच्या सायकलीला ती नको. सीटला किंवा पुढच्या टोपलीला अडकवायला ठीक.

लोखंडी साखळी घेताना एक कडी हातात घेऊन बघा, सांधा कुठं आहे. कुत्र्याच्या साखळीच्या कड्या नुसत्या वाकवून टोकाला टोक भिडवलेल्या असतात. त्यात स्क्रूड्रायव्हर घालून पिरगाळलं की कडी उघडते. वेल्डिंग केलेली, सांधा बुजलेली कडी पाहिजे, आणि तिची जाडी निदान 8 एमएम. त्याहून जाड असेल तर आणखी बरं, पण ती रोज कॅरिअरवर वाहायची आहे हेही लक्षात ठेवा. जी साखळी जड म्हणून घरी राहते तिचा काही उपयोग नाही. आमच्या काही जणींनी साखळी फाट्यावरच कमानीला कुलूप लावून ठेवलीय, रोज ने-आण नाही. हे डोकं एका सासूबाईंचं.

साखळी जुन्या सायकलीच्या ट्यूबमध्ये घाला. पंक्चरवाल्याकडं फाटक्या ट्यूब फुकट मिळतात. सायकलीचा रंग खरवडत नाही, उन्हात तापलेली साखळी हाताला चटका देत नाही आणि पावसात गंज कमी चढतो.

कुलूप साखळीला शोभेल असं हवं. बोटाएवढी साखळी आणि पेटीचं चिमुकलं कुलूप लावलं तर चोर साखळीकडं बघतच नाही. कुलपाची वरची कडी साखळीच्या कडीइतकी जाड पाहिजे आणि लावल्यावर मधे मोकळी जागा कमीत कमी उरावी, कारण त्या जागेत पहार घालून कुलूप उचकटतात. अलीगढची कुलपं आपल्याकडं हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळतात, त्यात चांगली-वाईट दोन्ही असतात. गोदरेजवाल्यांनी 1897 साली मुंबईत कुलपं करायलाच सुरुवात केली होती, कपाटं नंतरची. कुठलंही घ्या, पण रस्त्यावर डझनानं विकतात ती घेऊ नका. त्यांतल्या कितीतरी कुलपांना एकमेकांच्या किल्ल्या लागतात. घेताना तिथंच दोन कुलपांच्या किल्ल्या अदलाबदल करून पाहा. दुकानदार चिडेल, चिडू द्या.

इंग्रजी यू अक्षरासारखं जाड दांड्याचं कुलूप मिळतं, ते साखळीपेक्षा तोडायला अवघड. पण ते आखूड असतं, जाड खांबाला पुरत नाही. आपण बसवलेल्या सळईच्या कमानीला मात्र अगदी बरोबर बसतं. ज्यांची सायकल महागातली, गिअरची आहे त्यांनी हेच घ्यावं.

नंबरचं कुलूप म्हणाल तर किल्ली हरवायची भीती नाही, हे खरं. पण स्वस्तातल्या नंबरच्या कुलपाला ओढून धरून एकेक चकती फिरवली की कुठं अडतं ते हाताला कळतं. शिवाय पुष्कळ जणी दुकानातून आलेला 0000 तसाच ठेवतात. ठेवायचंच असेल तर नंबर बदला, आणि लावल्यावर सगळ्या चकत्या फिरवा. शेवटची एकच चकती एक घर सरकवायची सवय पोरींना असते, कारण परत उघडायला सोपं.

साखळी कुठून कशी घालायची, हे नीट ऐका, कारण चांगली साखळी चुकीच्या जागी घातली तर पैसे वाया. सायकलीचे काही भाग नटाबोल्टवर असतात. कॅरिअर, टोपली, मडगार्ड, सीट, पुढचं चाक, हे सगळं पान्यानं सुटतं. कॅरिअरमधून साखळी घातली तर चोर कॅरिअर तुमच्यासाठी ठेवून जातो. नुसतं पुढचं चाक बांधलं तर दोन नट सोडून चाक तुमचं आणि बाकी सायकल त्याची. साखळी गेली पाहिजे सांगाड्यातून आणि मागच्या चाकातून.

लेडीज सायकलीला मधली आडवी दांडी नसते, म्हणून बायांना वाटतं साखळी घालायला जागाच नाही. आहे. सीटखालून पायडलकडं उभी नळी उतरते, आणि तिच्यापासून मागच्या चाकाकडं दोन बारीक नळ्या जातात. तिथं तीन कोनांची जागा तयार होते, मागच्या चाकाचा थोडा भाग तिच्यात असतो. साखळी त्या जागेतून, चाकाच्या तारांमधून घाला, उभ्या नळीला वेढा द्या, मग खांबाला, आणि तिथं कुलूप. मागचं चाक महाग, त्यात चेनची फिरकी असते, ते वाचतं. साखळी लांब असेल तर उरलेलं टोक पुढच्या चाकातूनही काढा. आणि ते चाकाचं गोल कुलूप? तेही लावा. दोन वेगळ्या तऱ्हेची कुलपं तोडायला दोन वेगळी हत्यारं लागतात.

साखळी ढिली लोंबती ठेवू नका. मघाशी वर राहावी म्हटलं त्याचं कारण असं, की लांब दांड्याचा कटर असतो, त्याचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकला की जाड कडीही तुटते. साखळी हवेत, कंबरेच्या आसपास आणि ताणलेली असली तर असा भार देता येत नाही. जमिनीवर पडलेली साखळी दगडावर ठेवून छिन्नीनंही तुटते. कुलपाचं किल्लीचं तोंड खाली करा. पाऊस आणि धूळ आत जात नाही, आणि कुणाला त्यात तार घालून खेळायला बसणंही अवघड जातं.

खांब नसेलच तर? आठवडी बाजारात असं होतं. तेव्हा दोघी-तिघींनी सायकली एकमेकींना बांधा, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. साखळी दोन्ही सांगाड्यांतून. अशी जोडी ढकलता येत नाही, कारण दोन्ही सायकली वेगवेगळ्या दिशेनं जायला बघतात. फक्त आधी ठरवा, परत कुणाला कधी जायचंय. नाहीतर एक बाई भाजी घेऊन उभी आणि दुसरी अजून बांगड्यांच्या दुकानात.

जागा निवडताना आडोसा शोधू नका. उन्हात सीट तापते म्हणून आपण सायकल भिंतीमागं लावतो, चोरालाही तीच जागा आवडते. चहावाल्याच्या, पिठाच्या गिरणीच्या समोर लावा. सीटवर जुनं फडकं टाका. आणि रात्री घरच्या अंगणातही बांधा. आमच्या चारपैकी एक सायकल अंगणातूनच गेली. ओसरीच्या खांबाला साखळी घालायला दोन मिनिटं लागतात.

किल्ल्या दोन येतात आणि आपण दोन्ही एकाच दोऱ्यात ओवतो. एक घरात, डब्यात ठेवा. दुसरी अंगावर, पर्समध्ये चालेल, पण सायकलीच्या टोपलीतल्या पिशवीत नाही.

आता सायकल गेलीच तर काय. त्यासाठी ती असतानाच एक काम करायचं असतं. प्रत्येक सायकलीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर असतो. सीटखालच्या नळीवर, नाहीतर पायडलचा आस जिथं बसतो त्या गाठीच्या खालच्या अंगाला. हा नंबर, सायकलीचा फोटो आणि खरेदीची पावती जपून ठेवा. आमच्या गटांनी बैठकीच्या रजिस्टरात शेवटची चार पानं यासाठीच राखलीत. सभासदाचं नाव, सायकलीचा रंग, नंबर, पावतीची तारीख. शाळेच्या पोरींच्या सायकलींचीही नोंद त्यातच. पावती हरवली तरी गटाची नोंद दाखवता येते.

पोलिसांकडं जाताना एक कायद्याची गोष्ट माहीत असू द्या. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आलेत. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम 303 आहे. चोरीच्या वस्तूची किंमत 5000 रुपयांच्या आत असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरतात, म्हणजे पोलीस एनसी लिहून घेतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करता येत नाही. आपल्या पुष्कळ सायकली याच रकमेच्या आसपासच्या. म्हणून "अंदाजे जुनी सायकल" असं मोघम सांगू नका. पावती दाखवा, खरी किंमत लिहायला लावा, नंबर लिहायला लावा, आणि लिहून घेतलेल्याची प्रत मागा. ती प्रत नसेल तर उद्या सायकल सापडली तरी आपली म्हणून सांगायला हातात काही नसतं. त्याच दिवशी तालुक्याच्या सायकल दुकानांत आणि भंगारवाल्यांकडं नंबर देऊन या. आणि बाजारात कुणी पावतीशिवाय निम्म्या किमतीत सायकल देत असेल तर घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे, कलम 317.

आणखी एक बोलायचंय, आणि ते काहींना आवडणार नाही. दहावीच्या त्या मुलीची सायकल गेली त्या संध्याकाळी गावातली काही माणसं काठ्या घेऊन थेट माळावरच्या पालांकडं निघाली. कुणी पाहिलं होतं का? नाही. पारध्यांची पालं आहेत, एवढंच. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण आमच्या गावात अजून गेलेला नाही. त्या पालांतल्या दोन बाया आमच्या गटाच्या सभासद आहेत, दर महिन्याला त्यांची बचत वेळेवर येते. आम्ही सात-आठ जणी माळाच्या वाटेवर जाऊन उभ्या राहिलो. बाचाबाची झाली, आम्हालाही बोलणी बसली, पण माणसं परतली. ती सायकल अजून सापडलेली नाही. चोर कोण ते आम्हाला माहीत नाही आणि काठी घेतलेल्यांनाही माहीत नव्हतं. गटातून त्या मुलीला सध्या एक जुनी सायकल वापरायला दिलीय, परीक्षा होईपर्यंत. मुलगी शाळेत जातेय.

पाऊस जवळ आलाय, तेव्हा कुलपात शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब सोडा. भसाभसा नको, जास्त तेलावर धूळ बसून खटका अडतो.

या महिन्याच्या बैठकीला सगळ्यांनी सायकल घेऊनच या, नंबर उतरवून घ्यायचे आहेत. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करायची. नंबरावर चिखल आणि वंगण साठलेलं असतं, म्हणून थोडं डिझेल लावलेलं फडकं बरोबर आणा. पुसल्यावरही आकडे लागत नसतील तर वरून खडू घासा, पांढरी पूड खाचांत बसते आणि नंबर वाचता येतो. 3 आणि 8 मध्ये घोटाळा होतो, तेव्हा दोघींनी वाचून मगच रजिस्टरात लिहायचं.